दारू सोडणाऱ्यांची सभा : आपल्याला कोणती मानवेल?



सोयाबीनची पट्टी किंवा उसाचे बिल हाती आले की काही घरांत आनंदाऐवजी धास्ती शिरते. पैसे बँकेतून घरापर्यंत पोहोचतील की वाटेतच संपतील, याचा घोर घरच्या बाईला लागलेला असतो. आम्ही विस्ताराची माणसे बियाणे-खताचे सांगायला जातो. उठता उठता घरातून हळूच प्रश्न येतो, "साहेब, ह्यांची सुटंल का हो?"

सुटते. पण रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरतात, झोप उडते, भास होतात, कधी आकडी येते आणि जिवावरही बेतते. म्हणून आधी सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरांना किती पितो ते खरे सांगावे. "नकळत दारू सोडवा" अशा जाहिरातींची पूड चहात कालवू नये. काही औषधे अशी असतात की ती पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब एकदम उतरतो आणि माणूस दगावू शकतो. ज्याला औषध द्यायचे त्याला ते ठाऊक असलेच पाहिजे.

औषधाने शरीर सावरते. पुढचे काम सभेचे. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात बिल नावाचा शेअर दलाल आणि बॉब नावाचा शल्यविशारद, दोघेही दारूपायी बुडालेले, एकमेकांना भेटले. आपल्यासारख्याशीच बोलत राहिले तर आजचा दिवस कोरडा जातो, हे त्यांना उमगले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' म्हणजे ए.ए. ही चळवळ उभी राहिली. तिला वर्गणी नाही, जातधर्म नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने तीत दोन पैसे टाकावेत. आडनाव कोणी विचारत नाही आणि तिथले बोलणे तिथेच राहते.

या सभा दोन प्रकारच्या असतात. बंद सभेत फक्त पिण्याचा त्रास असलेले बसतात. खुल्या सभेला घरचे माणूस, मित्र, कोणीही चालते. पहिल्यांदा जाताना खुली सभा बरी, बरोबर भाऊ किंवा मेव्हणा नेता येतो. बायकोसाठी, आईवडिलांसाठी 'अल-अनॉन' हा १९५१ पासूनचा वेगळा गट आहे. नवरा सभेला जायला तयार नसला तरी वहिनींनी तिथे जाण्यास काहीच हरकत नाही, उलट जावेच. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही (स्थापना १९८६) पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे.

पत्ता कसा काढावा? केंद्र सरकारच्या व्यसनमुक्तीच्या १४४४६ या क्रमांकावर फोनला पैसे पडत नाहीत. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातही सभेचा वार आणि जागा विचारता येते. बहुधा ती शाळेची एखादी खोली असते.

आता निवडीचे बघू. एकाच कंपनीचे बियाणे प्रत्येक रानात सारखे येत नाही, तसेच सभेचे आहे. एका सभेला जाऊन "आपल्याला नाही जमत" म्हणू नये. तीन-चार वेळा जावे, जमल्यास दोन ठिकाणी. सगळे नोकरदार असतील आणि तुम्हाला बुजल्यासारखे होत असेल तर दुसरी बघावी. आपल्या बोलीत बोलणारा, बैलपोळ्याला आणि लग्नाच्या वरातीत ग्लास कसा टाळला हे सांगणारा माणूस जिथे भेटेल ती सभा आपली. गावातच ओळखीच्यांचा संकोच वाटत असेल तर तालुक्याला जावे, पण परतीची शेवटची एस.टी. मिळेल अशीच वेळ धरावी. दर आठवड्याला मोटारसायकल मागावी लागली तर महिन्याभरात जाणे बंद पडते. जिथे कोणी औषध विकतो, मोठी रक्कम मागतो किंवा दुसऱ्याचे बाहेर सांगतो, तिथून सरळ निघून यावे.

सभेत देवाचे नाव येते म्हणून काही तरुण बिचकतात. तिथे म्हणतात, देव ज्याला जसा समजला तसा. माळकऱ्याने विठ्ठल म्हणावे, न मानणाऱ्याने त्या खोलीतल्या माणसांनाच आधार मानावे. माळ घालून दारू सुटलेले लोक मी पाहिले आहेत आणि त्या माळेचा मला आदरच आहे. पण चौथ्या महिन्यात संध्याकाळी पाय गुत्त्याकडे वळू लागतात, तेव्हा फोन करायला कोणी तरी लागते. सभेत असा जुना माणूस मिळतो. त्याला तिकडे स्पॉन्सर म्हणतात. त्याचा नंबर पहिल्याच दिवशी घ्यावा.

आणि घसरले तर? पुढच्या सभेला जावे. तिथे कोणी हाकलत नाही, निम्म्यांनी ते भोगलेले असते.

सभा फारच लांब असेल तर २०२० च्या साथीपासून मोबाइलवरच्या सभा वाढल्या आहेत. रेंज असेल तर बांधावर बसूनही त्या ऐकता येतात. त्याहून बरे म्हणजे आपलीच सभा. सोडू पाहणारे दोघे-तिघे एकत्र बसले तरी ए.ए.चा गट होतो. मुख्याध्यापकांना विचारून शाळेची एक खोली आठवड्यातून तासभर मागावी. वार मात्र बाजाराचा नको, त्या दिवशी गुत्त्याची वाटही तीच असते.