जमिनीखालची पेढी

सुकाळाचे जादा पाणी जमिनीच्या पोटात ठेवावे आणि दुष्काळात उपसावे, ही गोष्ट कॅलिफोर्नियातील कर्न परगण्यात मोठ्या प्रमाणावर चालते. १९६५ साली द्राक्षमळ्यांतील मजुरांचा संप झाला ते डेलानो याच परगण्यातले. आम्हां चळवळीतल्या माणसांना परगण्याची ओळख ती तेवढीच.

कर्न नदी डोंगरांतून सपाटीवर उतरते तेथे तिने वाळूगोटे पंख्यासारखे पसरले आहेत. बेकर्सफिल्डजवळ अशी सुमारे २०,००० एकर जमीन या कामी राखली असून तीत ठिकठिकाणी उथळ तळी केली आहेत. पाऊसपाणी भरपूर झालेल्या वर्षी नदीकालव्यांचे जादा पाणी त्यांत सोडले, की ते झिरपत खाली जाते. तेथे ऊन पोचत नाही, म्हणून वाफ होऊन पाणी उडत नाही. अडचण तळाची. बारीक गाळ बसला की झिरपणे मंदावते; मग तळे सुकवून तळ खरवडावा लागतो. खरवडण्याचे काम कोणत्याही शास्त्राने अजून चुकवलेले नाही!

आपल्याकडे हे जसेच्या तसे जमेल काय? महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा. त्यात पाणी राहते ते मुरमात नि भेगांत, आणि तेही थोडे. पाझर तलाव उन्हाळा निभावील, पुष्कळ वर्षांची शिल्लक पाडणार नाही. तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात मात्र जागा आहे.

आता हिशेब. प्रॉव्हिडंट फंडात पैसा टाकला की खात्यावर नाव चढते. जमिनीतल्या पाण्यावर नाव नसते, म्हणून वही कोणाच्या हाती हा प्रश्न येतो. कर्नची ती जमीन राज्य सरकारने १९८८ साली घेतली. १९९४ च्या माँटेरे करारानंतर ती स्थानिक मंडळाकडे गेली, आणि त्यात एका बड्या बागायतदार कंपनीचा वाटा निम्म्याहून अधिक ठरला. उपशाने शेजारच्या विहिरी खाली गेल्याच्या तक्रारी न्यायालयात पोचल्या.

१९७२ च्या दुष्काळात आपले पाझर तलाव खणले दुष्काळी कामावरच्या मजुरांनी. त्यांत भूमिहीन पुष्कळ. पाणी मात्र उतरले ज्याची विहीर त्याच्या विहिरीत. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाणी जमिनीवर न मोजता माणशी मोजले. भूमिहीनालाही वाटा दिला, आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही असे ठरवले.