शृंगी घुबडाचा माळ

साताऱ्याच्या माण-खटावात किंवा सांगलीच्या जत-आटपाडीत दिवस मावळला की ओढ्याच्या दरडीवरून घुमणारा आवाज येतो : 'बु-बूऽऽ'. पहिला स्वर आखूड, दुसरा लांबलेला. त्याला कर्कशपणा नाही, तरी निवांत माळावर तो दूरपर्यंत पोचतो. पिंगळ्याच्या कचकचाटाला सरावलेल्या कानांना हा कुणा मोठ्या जनावराचा आवाज वाटावा. तो असतो शृंगी घुबडाचा. थंडीबरोबर विणीचा हंगाम येतो आणि ही साद वाढते. घुमताना गळ्यावरची पांढरी पिसे फुगतात; तिन्हीसांजेला पक्षी खडकात विरून गेला तरी तेवढे पांढरे उठून दिसते.

पक्षी लांबीला सुमारे 50 सेंटीमीटर. मादी नरापेक्षा मोठी. पाठ तपकिरी, तीवर काळी-बदामी नक्षी, छातीवर काळ्या उभ्या रेघा, डोळे नारिंगी, पाय पिसांनी झाकलेले. डोक्यावरची शिंगे म्हणजे पिसांचे झुबके, ऐकण्याशी त्यांचा संबंध नाही. काळ्या कातळात आणि तांबूस मुरमात हा रंग इतका मिसळतो की चार पावलांवरून माणूस जातो आणि त्याला पत्ता लागत नाही.

घरटे बांधायची याला गरजच नाही. ओघळीच्या काठची खोबण, खडकाची कपार किंवा बंद पडलेल्या दगडखाणीतला कोपरा पुरतो. उघड्या जमिनीवर बहुधा 3-4 अंडी आणि महिन्याहून थोडे अधिक उबवणे. कोणी जवळ गेले तर पिल्ले पंख पसरून फुगतात, फूत्कारतात, चोच वाजवतात.

घुबड काय खाते हे कळते त्याने ओकून टाकलेल्या गोळ्यांवरून. न पचलेले केस, हाडे, कवट्या त्यात जशाच्या तशा मिळतात. डॉ. सतीश पांडे आणि नीलेश डहाणूकर यांनी पुणे परिसरातले असे शेकडो गोळे तपासून 2011 साली अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सर्वांत मोठा वाटा उंदीर-घुशींचा निघाला, आणि त्यातही शेतीची नासाडी करणाऱ्यांचा. पक्षी, सरडे, कीटक त्यामानाने कमी. ज्या घुशी बांध पोखरतात, ज्वारीची कणसे बिळात ओढून नेतात, त्यांचा असा फुकट बंदोबस्त दुसरे कोण करणार? म्हणून शेतात टाकलेल्या विषाची मला जास्त धास्ती वाटते. ब्रोमॅडिओलोन खाऊन सुस्तावलेला उंदीर सहज पंजात सापडतो आणि ते विष घुबडाच्या पोटात जाते.

त्यात माणसाला घुबडाची वाटणारी भीती. घुबडाला मारलेला दगड ते झिजवत बसते आणि तसतसा मारणाराही झिजतो, असे आजही सांगितले जाते. निदान त्या धाकाने कोणी दगड उचलत नसेल, तर बरेच. पण लक्ष्मीचे वाहन मानलेल्या या पक्ष्याची देशात अनेक ठिकाणी नेमक्या दिवाळीतच जादूटोण्यासाठी चोरटी विक्री होते, याची चीड येते.

माळ सपाट झाला, ओघळी बुजवल्या, की उंदीर राहतात आणि घुबडाची जागा जाते. कागदोपत्री 'पडीक' असलेल्या जमिनीवरच त्याचे घर असते. थंडीपासून उन्हाळा लागेपर्यंत अशा दरडींवर फोटोसाठीसुद्धा चढू नये. पिल्ले उडायला येण्याआधीच कपार सोडून आसपास चालत फिरतात. ती पोरकी समजून घरी आणू नयेत, आईबाप जवळपासच असतात आणि रात्री भरवतात. पक्षी खरोखरच जखमी असेल, तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक लावावा.