फळ तोडायला गिऱ्हाईकच बागेत येते



ऊसबिलातली तोडणी-वाहतुकीची वजावट पाहिली की हा खर्च कुठे कमी होईल, हा विचार प्रत्येकाच्या मनात येतोच. टोळीची वाट पाहणे, मुकादमाची उचल हे आपणांस नवे नाही. अमेरिकेतील सफरचंद बागायतदारांपुढेही मजुरीचा असाच प्रश्न आहे, कारण खाण्याचे सफरचंद हातानेच तोडावे लागते. तेथील काही बागायतदारांनी यावर तोडगा काढला. गिऱ्हाइकाने बागेत यावे, स्वतः फळ तोडावे, पैसे भरावेत आणि घेऊन जावे. अशा बागांना तिकडे 'यू-पिक' म्हणतात. ज्यांची मुले-सुना तिकडे नोकरीला आहेत, त्यांना दसऱ्याच्या सुमारास सफरचंदाच्या झाडाखालचे फोटो आलेही असतील.

कारभार कसा चालतो?

न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन या राज्यांत अशा बागा पुष्कळ आहेत. हंगाम मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरचा. बऱ्याच ठिकाणी फाटकावर रिकामी पिशवी विकत घ्यायची आणि ती भरून न्यायची. माप 'बुशेल'चे. एक बुशेल सफरचंद म्हणजे सुमारे १९ किलो. त्याचा चौथा हिस्सा तो 'पेक'. आज कोणत्या ओळी तोडायला खुल्या आहेत, याचे फलक लावलेले असतात.

तोडण्याचीही रीत आहे. फळ तळहातात धरून वर उचलायचे व हलका पीळ द्यायचा. पिकलेले फळ देठासकट सुटते. ओढले तर फळाबरोबर आखूड फळकाडी मोडते, आणि पुढच्या साली फूल धरायचे ते तिच्यावरच. खोडवा चांगला यावा म्हणून आपण ऊस जमिनीलगत तोडायला सांगतो, तसेच हे. नुसत्या लाल रंगावरही भुलू नये. फळाचा मूळचा हिरवा रंग पिवळसर झाला आणि आतले बी तपकिरी झाले, की फळ तयार झाले असे समजावे.

बागेची आखणी

जुने सफरचंदाचे झाड २५-३० फूट वाढे, शिडी लागे. परक्या माणसाला, लेकराबाळांना शिडीवर कोण चढवील? म्हणून अशा बागांत बुटक्या खुंटावरची कलमे सोयीची पडतात. इंग्लंडातील ईस्ट मॉलिंग केंद्रातून आलेला 'एम ९' हा खुंट प्रसिद्ध आहे. त्यावरचे झाड ८-१० फूट राहते व दोन-तीन वर्षांत फळाला येऊ लागते. द्राक्षाला डॉगरिज खुंट वापरणाऱ्यांना ही गोष्ट लगेच उमगेल.

दुसरे म्हणजे वाणांचा क्रम. आधी गाला व मॅकिंटॉश, मग हनीक्रिस्प, शेवटी फुजी. आपल्याकडे आडसाली, पूर्वहंगामी, सुरू असा तोडणीचा क्रम लागतो, तसाच तिथे गिऱ्हाइकाचा ओघ दोन महिने टिकतो.

फायदा आणि जोखीम

तोडणीची मजुरी, पेटी, वाहतूक आणि मधला व्यापारी एवढे खर्च वाचतात, शिवाय पैसा रोख हातात पडतो. पण हे फुकटात होत नाही, बरं का! लोक अर्धे खाऊन टाकतात, कच्चे तोडतात, चार फळे खाली पाडतात. गाड्या लावायला जागा, संडास, पाणी, विमा आणि देखरेखीला माणसे ही सोय मालकालाच करावी लागते. शनिवार-रविवारी पाऊस लागला की आठवड्याची विक्री बुडाली. निसर्गाचा फटकाही त्याच्याच माथी. मे २०२३ मध्ये हिमतुषाराने न्यूयॉर्क, व्हरमाँट भागातल्या अनेक बागांचे मोठे नुकसान केले. फळच नाही तर गिऱ्हाईक कशाला येईल?

आपण काय घ्यावे?

ऊस असा तोडता येणार नाही. तोडलेला ऊस २४ तासांत गाळपाला गेला नाही तर वजन आणि उतारा दोन्ही घटतात. तिथे टोळीच हवी. परंतु बांधाकडेला पेरू, स्ट्रॉबेरी असे फळ असेल आणि शेत शहराजवळ, रस्त्यालगत असेल, तर विचार करण्यास हरकत नाही. हुरड्याला शहरातून माणसे पैसे देऊन शेतावर येतातच. राज्य शासनानेही २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले आहे.

मात्र आधी कागदावर हिशेब मांडा. एका बाजूला वाचणारी मजुरी, आडत व वाहतूक लिहा. दुसऱ्या बाजूला नासधूस, सोयी व घरच्या माणसांची मेहनत लिहा. शहर किती लांब आणि सुट्टीच्या दिवशी किती माणसे येतील, हेही प्रामाणिकपणे धरा. पहिली बाजू जड भरली, तरच चार गुंठ्यांवर करून पाहावे. सगळा ऊस मोडून कोणी या मागे लागू नये.