गोठ्यातली वही

दूध तापवले, कोमट केले, नेहमीचे विरजण लावले. तरी सकाळी भांड्यात पातळ दूधच! थंडीत हे कोणाच्याही घरी घडते. पण ऐन उन्हाळ्यात, ताजे विरजण लावूनही असे झाले तर? तेव्हा आणखी एक शक्यता तपासावी लागते. त्या दुधात प्रतिजैविक औषध उतरलेले असू शकते. दही लावणारे जिवाणू पेनिसिलिनपुढे टिकाव धरत नाहीत.

हे औषध दुधात येते कसे? गाईला कासदाह झाला, म्हणजे कास सुजून दुधात गुठळ्या येऊ लागल्या, की डॉक्टर सडातून औषधाची ट्यूब सोडतात. सूज उतरते, दूध पुन्हा पांढरेशुभ्र दिसू लागते. फसगत होते ती इथेच. दूध दिसायला आधी सुधारते, त्यातले औषध मागाहून जाते. मधल्या काळात रंग, वास, चव, फॅट, कशावरूनही ते ओळखता येत नाही. उकळल्यानेही ते पूर्ण नष्ट होत नाही. शिवाय ट्यूब एकाच सडात सोडली तरी औषध रक्तावाटे इतर सडांच्या दुधात उतरू शकते. म्हणून चारही सडांचे दूध बाजूला काढावे लागते.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने बेंझिलपेनिसिलिनची दुधातील मर्यादा लिटरला ४ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. वर्गात हे गणित जरूर घाला : १०,००० लिटरच्या टँकरमध्ये ही मर्यादा गाठायला किती औषध लागेल? उत्तर येते ४० मिलिग्रॅम, चिमूटभर मिठाहूनही कमी! असे दूध पिणारा लगेच आजारी पडतो असे नाही. मात्र पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांना त्रास होऊ शकतो, आणि थोड्याथोड्या मात्रेला सरावलेले जिवाणू पुढे औषधाला दाद देत नाहीत. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ मध्ये प्रतिजैविके मर्यादेपेक्षा जास्त आढळली होती.

औषध दिल्यानंतर किती काळ दूध विकायचे नाही, हे लेबलावर छापलेले असते. याला 'विथड्रॉवल पिरियड' म्हणतात. आपण प्रतीक्षाकाळ म्हणू. २०१२ साली औषधांच्या नियमांत बदल करून तो छापणे आपल्याकडे सक्तीचे झाले. एखाद्या औषधाचा काळ प्रयोगाने ठरलेला नसेल, तर दुधासाठी तो किमान ७ दिवस धरतात.

आता समजा, ७२ तासांचा प्रतीक्षाकाळ असलेले औषध शनिवारी, रविवारी आणि सोमवारी संध्याकाळी ६ वाजता दिले. दूध कधी घालायचे? बरेच जण शनिवारपासून मोजतात आणि मंगळवारी रात्री मोकळे होतात. मोजायचे असते शेवटच्या डोसपासून. गुरुवारी संध्याकाळी ५ वाजता काढलेली धारही चालत नाही. शुक्रवार सकाळची चालते.

एवढे सोपे गणित चुकते, कारण ते एका माणसाच्या डोक्यात नसते. डॉक्टर येतात तेव्हा गोठ्यात मालक असतो. पहाटे धार काढते घरातली बाई किंवा गडी. किटली डेअरीवर नेतो शाळेत जाणारा मुलगा, म्हणजे कदाचित तुमचाच विद्यार्थी. औषध दिल्याचे एकाला ठाऊक, दूध घालतो तिसराच!

म्हणून वही हवी, आणि ती कपाटात नव्हे, गोठ्यात खुंटीला टांगलेली हवी. तीत गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक, आजार, औषधाचे नाव, प्रत्येक डोसची तारीख व वेळ लिहावी. सर्वांत महत्त्वाचा रकाना शेवटचा : 'दूध घालायला सुरुवात कधी'. हे गणित डॉक्टर समोर असतानाच करून घ्यावे, कारण त्यांनी मात्रा वाढवली असेल तर छापील काळ पुरत नाही. गाईच्या पायाला रंगीत चिंधी बांधली तर वही न वाचणाऱ्यालाही कळते.

गाय विकताना मात्र वही मागे राहते. गाभण गाय आटवताना सडांत सोडतात ते औषध कासेत कित्येक आठवडे टिकावे असेच बनवलेले असते. अशी गाय आठवडी बाजारात विकली आणि ती लवकर व्याली, तर घेणाऱ्याला यातले काहीच माहीत नसते. दाव्याबरोबर वहीतल्या त्या पानाची नक्कलही त्याच्या हातात द्यायला हवी.