सात जणांचा पुरावा

13 मे 1935. इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातला अरुंद रस्ता. बोव्हिंग्टनच्या पोस्टातून तार करून एक माणूस मोटारसायकलवरून घरी निघाला होता. वाटेत रस्ता खोलगट होता, पुढचं दिसत नव्हतं. अचानक समोर सायकलवरची दोन पोरं आली. त्यांना चुकवायला त्यानं गाडी वळवली आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवस तो शुद्धीवर आला नाही. 19 मेला गेला. पहिल्या महायुद्धात अरबस्तानात गाजलेला टी. ई. लॉरेन्स तो. वय 46.

उपचारासाठी आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स होते. जन्म ऑस्ट्रेलियातला, मेंदूच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण अमेरिकेत हार्वी कुशिंग यांच्या हाताखाली. या विद्येत त्यांच्या तोडीचे लोक तेव्हा इंग्लंडात मोजकेच. तरी लॉरेन्सपुढे त्यांचं काही चाललं नाही. मेंदूच्या पेशी एकदा चिरडल्या की त्या जोडणारी शस्त्रक्रिया तेव्हा नव्हती, आजही नाही. मग करण्याजोगं जे काही उरतं ते मार बसण्याआधीच. शस्त्रक्रियेत मुरलेला हा माणूस त्या आधीच्या क्षणाकडे वळला, यात मला त्यांचं मोठेपण दिसतं.

1939 मध्ये युद्ध पेटलं. विमानहल्ल्यांच्या धास्तीनं रात्री सगळीकडे दिवे बंद, आणि त्या काळोखातून सैन्याचे निरोपे मोटारसायकली पळवत होते. ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज या तेव्हाच्या मुलींच्या कॉलेजात डोक्याच्या जखमांसाठी लष्करी रुग्णालय उघडलं होतं. केर्न्स तिथे सर्जन. शत्रूची गोळी न लागताच जवान मरत होते. केर्न्स यांनी हिशेब मांडला. युद्धाच्या पहिल्या 21 महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर 2,279 मोटारसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले लोक मेले होते. मृत्यूचं सगळ्यांत मोठं कारण डोक्याचा मार.

स्वतःकडे आलेल्या जखमींच्या नोंदींत त्यांना आणखी काहीतरी सापडलं. अपघात झाला तेव्हा डोक्यावर हेल्मेट होतं, असे जखमी अवघे सात. सातही जिवंत.

सातांवरून सिद्धान्त ठरत नाही. हेल्मेट घालून मेलेला रुग्णालयापर्यंत पोचलाच नसेल, अशी शंका कोणीही घेतली असती. तरीही ऑक्टोबर 1941 मध्ये केर्न्स यांनी हे सारं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलं, आणि नोव्हेंबरमध्ये लष्करानं ड्युटीवरच्या प्रत्येक मोटारसायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचं केलं.

दुसरं कोडं तसंच होतं. कवटीला साधी चीर नाही आणि माणूस बेशुद्ध, हे कसं? केर्न्स यांच्याच विभागात होलबर्न नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी जिलेटिनचा मेंदू बनवला, त्याला कवटीसारखं कवच दिलं आणि झटक्यानं फिरवून पाहिलं. कवच शाबूत राहिलं, आत मात्र जिलेटिन पिळवटलं. डब्यातला खरवस जोरात हिसकला तर डब्याला काही होत नाही, खरवसाला भेगा पडतात, तसं. 1943 मध्ये हे प्रसिद्ध झालं. बाहेर रक्त दिसो वा न दिसो, डोकं गरकन फिरलं तरी मेंदूला इजा होते, हे त्यातून कळलं.

युद्ध संपल्यावर, 1946 मध्ये, केर्न्स यांनी महिन्यामहिन्याचे आकडे पुन्हा मांडले. नोव्हेंबर 1941 नंतर मृत्यू उतरत गेले होते. सातांनी जे सुचवलं होतं त्याला आता हजारोंचा आधार मिळाला. तरी ब्रिटनमध्ये सामान्य स्वारांसाठी हेल्मेटचा कायदा आला 1973 मध्ये. केर्न्स 1952 मध्येच वारले होते.

हे सगळं आपल्या मुरूम गावच्या माणसानं का वाचावं? गाळपाच्या हंगामात रात्री मुरूम मोडावर उभं राहिलं की उत्तर मिळतं. सोलापूर–हैदराबाद महामार्गावर उसानं लादलेल्या ट्रॉल्या, कित्येकांना मागे साधं रिफ्लेक्टर नाही, आणि त्यांच्यामधून ट्रिपल सीट सुटलेली पोरं. हेल्मेट असलंच तर आरशाला अडकवलेलं. युद्धातला काळोख आपल्याकडे दर हंगामात असतो.

याहून मोठी काळजी अपघातानंतरच्या तासांची आहे. पडलेला माणूस उठतो, कपडे झटकतो, चहा पितो. ‘मुका मार आहे, हळद लावा, झोपू द्या,’ असं घरचे म्हणतात. पण कधीकधी कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त हळूहळू साचत असतं. तीन-चार तास शहाण्यासारखा बोलणारा माणूस मग बरळू लागतो आणि बेशुद्ध होतो. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर असा रुग्ण पुष्कळदा पूर्ण बरा होतो. वेळ गेली तर हातून जातो. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी इथून सहसा सोलापूर किंवा लातूर गाठावं लागतं, म्हणजे तास-दीड तास वाटेतच जातो. घरी वाट पाहण्यात आणखी चार तास घालवणं परवडणारं नाही.

म्हणून डोक्याला मार लागलेल्या माणसाजवळ निदान एक दिवस कोणीतरी जागं राहावं. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, न आवरणारी गुंगी, असंबद्ध बोलणं, एका हातापायातली ताकद जाणं, झटके, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, कानानाकातून रक्त किंवा पाणी येणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन करा.

आणि गाडी काढताना हेल्मेट डोक्यावर ठेवून पट्टा लावा. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायदा चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागू आहे, मागच्या सीटवरच्यालाही. केर्न्स यांच्या 2,279 मध्ये मागे बसलेलेही होते. तेव्हा दुसरं हेल्मेट याच आठवड्यात विकत घ्या.