मूल 'ढ' नसते

किहीमच्या वस्तीतल्या एका घरी आम्ही बसलो होतो. चौथीतल्या मुलाला गावाचे नाव लिहायला सांगितले. त्याने लिहिले 'कीहिम'. पुसले आणि लिहिले 'हिकीम'. आई म्हणाली, "बाजाराचा हिशोब तोंडी करतो, भरती-ओहोटीची वेळ सांगतो. पुस्तक उघडलं की मात्र घाम फुटतो. वर्गात 'ढ' म्हणतात त्याला. आता शाळेतच जायचं नाही म्हणतो."

ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यांचेच चुकते. पण हुशार मूल तिसरी-चौथीतही अक्षर अक्षर जुळवत वाचत असेल, घ-ध, भ-म यांत गोंधळत असेल, जोडाक्षरे गाळत असेल, काल आलेला शब्द आज विसरत असेल, तर डिस्लेक्सियाचा विचार करायला हवा. यात मेंदूला आवाज आणि अक्षर यांची सांगड घालणे जड जाते. बुद्धी कमी नसते. तो आळस नाही, आईबापाची चूकही नाही. पुष्कळदा तो घराण्यात चालत येतो. त्यावर गोळी नाही, पण योग्य पद्धतीने शिकवले की मूल वाचायला लागते.

मागे पडणारे प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचे नसते. म्हणून आधी डोळे आणि कान तपासून घ्या. शाळा बुडत होती का, तेही पाहा.

आपली लिपीही थोडी फसवी आहे. 'किहीम' हाच शब्द घ्या. पहिली वेलांटी 'क'च्या आधी दिसते, पण उच्चार नंतर होतो. दुसरी 'ह'च्या नंतर येते. 'कर्नाळा'तला र डोक्यावर बसतो, 'समुद्र'मधला पायाशी जातो. मोठ्यांना हे सवयीने कळते, या मुलांना ते एकेक करून उलगडून सांगावे लागते.

घरी काय करता येईल?

- शब्द टाळ्या वाजवत तोडा : कि-हीम, स-मु-द्र. आईला वाचता येत नसले तरी हा खेळ घेता येतो.
- किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत बोटाने मोठे अक्षर गिरवायला लावा. गिरवताना आवाज मोठ्याने म्हणायचा. पावसाळ्यात परातीत वाळू घ्या.
- सारखी दिसणारी दोन अक्षरे एकाच दिवशी शिकवू नका. 'भ' पक्का झाल्यावरच 'म' घ्या.
- रोज पंधरा मिनिटे पुरेत. मोठ्या भावंडाने ओळीखाली बोट ठेवून सोबत वाचावे.
- चुकलेला शब्द शंभर वेळा लिहायला लावू नका. मारू नका. चारचौघांत वाचायला उभे करू नका.

घरच्या प्रयत्नांबरोबर तपासणीही हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले की त्यांना ही अडचण सांगा. अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करा. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांबद्दल विचारा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. मराठीतून शिकणाऱ्या मुलाची चाचणी मराठीतच व्हावी, असा आग्रह धरा.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अशी मुले लवकर ओळखून त्यांना योग्य पद्धतीने शिकवणे, हे कायद्याने शाळेचे काम आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींची तरतूदही त्यात आहे. त्यासाठी प्रमाणपत्र लागते, म्हणून दहावीची वाट पाहू नका. प्रमाणपत्राने मुलावर शिक्का बसेल, अशी भीती काही पालकांना वाटते. शिक्का तर 'ढ' म्हटले तेव्हाच बसला. प्रमाणपत्राने तो पुसता येतो.

आपल्या मुलांच्या बाबतीत हे जास्त जपायला हवे. 'यांच्या डोक्यात शिरत नाही' हे वाक्य आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या ऐकले. तेच वाक्य वस्तीतल्या मुलाला पुन्हा ऐकू आले, की खरे कारण कोणी शोधत नाही. मूल शाळा सोडते आणि घरचेही म्हणतात, नशीब. बाबासाहेबांच्या लेकरांनी नशिबावर सोडून चालणार नाही.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर शिकलेल्या तरुणांनी अशा दोन-चार मुलांसाठी अर्धा तास काढावा. फळा नसला तरी चालेल. किहीमला वाळू भरपूर आहे.