चेंडूचें कुलगोत्र

शीवेहून चेंबूर फारसें दूर नाहीं. तेथें १९२७ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाचें हिरवेंगार मैदान आहे. परंतु आट्यापाट्या व क्रिकेट यांपलीकडे न गेलेल्या माझ्यासारख्याचा त्या खेळाशीं संबंध येण्याचें कारण नव्हतें. तो आला एका जुन्या विद्यार्थ्यामुळें. त्याची बारा वर्षांची कन्या गोल्फ शिकते. तिनें एका नामांकित कंपनीचे चेंडू मागितले. बापानें निम्म्याहून कमी किंमतीचे, कधीं न ऐकलेल्या नांवाचे आणून दिले. सोबतच्या मुली तें नांव वाचून हंसल्या आणि मुलगी रडत घरीं आली. "गुरुजी, मीं कंजूषपणा केला का?" असें त्यानें मला विचारलें. उत्तर देण्यापूर्वीं चौकशी करणें प्राप्त झालें.

स्थळ पाहतांना आपण कुलगोत्र विचारतों. पण या चेंडूच्या घराण्यांत कुलाभिमान फार दिवस टिकलेला दिसत नाहीं. पूर्वीं चामड्याच्या पिशवींत पिसें ठासून चेंडू करीत. तो महाग असे आणि भिजला कीं निकामी होई. १८४८ च्या सुमारास मलायाकडील गटापर्चा झाडाच्या चिकाचा स्वस्त चेंडू आला. पिसांचे चेंडू करण्यांत प्रख्यात असलेल्या ॲलन रॉबर्टसननें त्याला कसून विरोध केला. तरी थोड्याच वर्षांत पिसांचा चेंडू मागें पडला. पुढें, गुळगुळीत चेंडूपेक्षां ठोके खाऊन खरबरीत झालेला चेंडू चांगला जातो, हें खेळाडूंच्या ध्यानांत आलें, व त्यांतूनच हल्लींच्या खळग्या निघाल्या. खळग्यांमुळें हवेचा थर चेंडूला अधिक मागेंपर्यंत चिकटून राहतो, हवेची ओढ कमी होते व चेंडू दूर जातो.

अपरिचित चेंडू घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. नियमाप्रमाणें वजन ४५.९३ ग्रॅमहून अधिक व व्यास ४२.६७ मिलिमीटरहून कमी नसावा. आर. अँड ए. व अमेरिकेंतील यू. एस. जी. ए. या संस्था नियमांत बसणाऱ्या चेंडूंची यादी प्रसिद्ध करतात. तींत अपरिचित नांवेंही पुष्कळ असतात. ही पहिली परीक्षा. दुसरी कवचाची. आयोनोमरचें कवच कठीण, टिकाऊ व स्वस्त. युरेथेनचें मऊ व महाग, पण जवळच्या फटक्याला फिरकी देऊन चेंडू हिरवळीवर थांबविणारें. तिसरी परीक्षा आपल्या हाताची.

अमेरिकेंतील कॉस्टको या दुकानदार कंपनीनें २०१६ सालीं आपल्या 'कर्कलंड' नांवानें दक्षिण कोरियांत तयार झालेला, युरेथेनच्या कवचाचा स्वस्त चेंडू विकावयास काढला. तो पाहतां पाहतां संपला. 'टायटलिस्ट' चेंडू करणाऱ्या अकुश्नेट कंपनीशीं तिचा वाद २०१७ मध्यें कोर्टांत गेला व पुढच्या वर्षीं आपसांत मिटला.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेंत पारिपार्श्विक विचारतो कीं, भासासारखे कीर्तिमान कवि असतां या हल्लींच्या कालिदासाचें नाटक कशाला? आज सर्वतोमुखीं असलेला कवि एके काळीं अपरिचित कारागीरच होता!

मीं दोन्ही प्रकारचे तीन-तीन चेंडू घेऊन त्यांवरील नांवें शाईनें झांकावयास सांगितलीं. मुलीनें ते मारून पाहिले. लांबच्या फटक्यांत तिला भेद कळेना. जवळच्या फटक्यांत मात्र बापाचे चेंडू हिरवळीवरून घरंगळत पुढें जात. नामांकित चेंडू लवकर थांबत. कारण उघड होतें: बापानें आणलेले कठीण कवचाचे होते.

मग मीं माझ्या विद्यार्थ्याला सांगितलें, "बाबा रे, काटकसर हा दोष नव्हे, न पारखतां व मुलीला न विचारतां आणलेस, एवढीच तुझी चूक." शिकाऊ हातांचे चेंडू तळ्यांत व झुडपांत नित्य हरवतात, तेव्हां सरावाला तेच चेंडू ठेवावे आणि सामन्यासाठीं यादींतलेच, मऊ कवचाचे, पण अप्रसिद्ध नांवाचे घ्यावे, असें मुलीनें स्वतःच ठरविलें. परवां तिची मैत्रीण पुनः हंसली, तेव्हां हिनें शाई फांसलेले चेंडू तिच्यापुढें ठेवून "ओळख पाहूं!" म्हटलें. मैत्रीण अजून ओळखतेच आहे.